मागच्या मडगार्डची गोलाई

मी चित्रकलेचा मास्तर. चाळीस मुलांपुढे मातीचा माठ ठेवायचा, तो काढायला सांगायचा आणि कागदावर उतरलेल्या चाळीस भोपळ्यांवर लाल पेन्सिलीने रेघा मारायच्या, हा माझा नगरमधल्या शाळेतला धंदा. पुण्याहून परीक्षा देऊन आलो होतो, वय सव्वीस, आणि माझ्याइतका तयार डोळा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नसावा अशी माझी प्रामाणिक समजूत होती. बायकोची ही समजूत नव्हती, कारण बाजारातून मी आणलेली वांगी तिने पाहिली होती. मला तिची समजूत पटायला मात्र चार वर्षं आणि भिंगारचे एक मिस्त्री लागले.

भिंगारच्या जुन्या बाजारामागे त्यांची पत्र्याची शेड होती. छावणीच्या लिलावातून निघालेल्या जीपा शेतकरी विकत घेत आणि सरळ त्यांच्या दारात आणून उभ्या करत. वाकलेला पत्रा सरळ करणं, पोचे काढणं, सडलेला भाग कापून नवा बसवणं हे मिस्त्रींचं काम. तीस वर्षं पत्रा ठोकून ठोकून कान पार गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तोंड कानाजवळ नेऊन ओरडायचं, तरी ते निम्म्या वेळा "काय?" म्हणत. लिहून द्यावं तर अक्षरओळख नाही. मला आधीच धीर कमी, त्यात हे. सुरुवातीला त्यांच्याशी बोलून घरी आलो की माझा घसा बसलेला असायचा.

माझी नि त्यांची गाठ पडली ती हवालदारांच्या मोटारीमुळे. हवालदार म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मूळचे पारनेर तालुक्यातले, राहायला भिंगारात. एका गोऱ्या अधिकाऱ्याने विलायतेला परत जाताना विकलेली मोटार त्यांनी घेतली होती. लांब नाक, भाकरीएवढे दिवे, उघडा टप, दोन्ही बाजूंना फूटबोर्ड आणि काळा कुळकुळीत रंग. ती त्यांनी वरातीसाठी ठेवली. ही मोटार मिळेना म्हणून लोक मुहूर्त पुढे ढकलत, असं हवालदार सांगत. लष्करातल्या माणसाच्या बोलण्यातलं मी निम्मं धरतो, तरी निम्मंही थोडं नव्हतं. दर लगीनसराईच्या तोंडावर मोटार मिस्त्रींच्या शेडमध्ये यायची, बारीकसारीक ठोकठाक होऊन आरशासारखी लख्ख होऊन जायची.

सत्तर साली तिचे दिवस फिरले. एका बागाईतदाराच्या मुलाने वरातीला तिच्यात बसायला नकार दिला. ही तर आमच्या आज्याच्या वरातीतली गाडी, म्हणाला. पोरांनी सिनेमात मागे शेपटं उभारलेल्या, दोन रंगांच्या, निकेलच्या पट्ट्या मारलेल्या मोटारी पाहिल्या होत्या; त्यांना तसली हवी होती. हवालदारांनी रद्दीच्या दुकानातून एका परदेशी मासिकाचं पान पैदा केलं आणि चित्र मोठं करून द्यायला कोणी मास्तर आहे का, असं विचारत शाळेत आले.

मी तर हरखूनच गेलो. माठ सोडून कोणीतरी मला मोटार काढायला सांगत होतं. आठ दिवस खपून मी ब्राऊन पेपरवर खऱ्या मापाची शेपटं काढली. मागच्या मडगार्डमधून निघून वर चढत जाणारी, टोकाला लाल दिवा असलेली. एक गोष्ट इथेच कबूल करतो. त्या आठ दिवसांत मी मोटारीच्या मूळच्या मडगार्डकडे धडपणे एकदाही पाहिलं नाही. जे कापून टाकायचं ते कशाला बघा, असा माझा हिशेब.

मिस्त्रींनी कागद भिंतीला लावून बराच वेळ न्याहाळला आणि एकच विचारलं, "ह्याच्या पोटात काय हाय?" मला राग आला. मग लक्षात आलं की मी नुसती कड काढली होती. ती कड आतल्या बाजूला कशी फुगते, कुठे पोट घेते, कुठे मिटते, याचा माझ्या कागदावर पत्ता नव्हता. ते पोट त्यांनीच शोधून काढलं.

ते काम मी रोज शाळा सुटल्यावर बघायला जायचो. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ते त्याला खोलगट करत, मग ऐरणीवर घेऊन हातोडीने एकेक ठोका शेजारी शेजारी बसवत. ठोका दिल्याबरोबर बघत नसत. जुन्या धोतराचा एक तुकडा पत्र्यावर टाकत, डोळे मिटत, आणि त्या फडक्यावरून डावा तळहात सरकवत. फडकं असलं की हाताला पत्र्याचा गारवा आणि खरखर कळत नाही, फक्त चढउतार कळतो, असं त्यांनी मला सांगितलं. मी हात फिरवून पाहिला. मला फक्त धोतर कळलं. ते मात्र बोट ठेवत त्या जागी नखाएवढा उंचवटा असायचाच. पुढे रंगारी लांबी, म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायचं पुटीन, घासायला बसला की तोही हेच शपथेवर सांगायचा. दुसरे मिस्त्री बोटभर लांबी भरून पोचे झाकत. यांच्या पत्र्यावर रंगाऱ्याला लांबी लावायला जागाच सापडत नसे.

शेपटं उभी राहिली. खाली मोरपंखी, वर सायीचा रंग, मधून निकेलची पट्टी. पहिल्याच वरातीला लोक नवरदेवाचं तोंड बघायचं सोडून मोटारीच्या मागे चालायला लागले. बँडवाल्यांचा सूर चुकला, कारण क्लॅरिनेटवाला वळून वळून बघत होता. शेतकरी माणसांनी तिचं नाव शिंगांची मोटार पाडलं. बैलाला शिंगं पुढं, हिला मागं. पोळ्याला कोणीतरी शेडमध्ये येऊन त्या शेपटांना चक्क हिंगूळ लावून गेलं. श्रीगोंद्याहून, पाथर्डीहून माणसं नुसती बघायला येत. मी बाजारातून छाती काढून फिरायचो. मिस्त्रींचं नाव कोणी घेतलं तर "डिझाइन माझं" असं न विचारता सांगायचो.

दोन लगीनसराया अशा गेल्या. मग दुष्काळाचं साल आलं. लग्नं दारातल्या दारात उरकायला लागली आणि जी थोडी थाटात झाली त्यांची आवड पुन्हा बदललेली. आता नवी, छोटी, बंद मोटार, पांढरा रंग, झेंडूची एक माळ, बस्स. शिंगांची मोटार रस्त्यावर आली की पोरं सर्कस आली म्हणून धावत. तीन वर्षांपूर्वी जी बघून तोंडात बोटं घालत होते तेच आता तोंडावर हात ठेवून हसत होते. मला ते इतकं लागलं की असं हसणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मी कानाखाली लावली. आज त्याची लाज वाटते. मिस्त्री मात्र शांत होते. "मान्सांचा डोळा फिरतो, मास्तर," एवढंच ते म्हणाले.

हवालदारांना आता गावी परतायचं होतं. तिथे ना मोटारीला छप्पर, ना तिच्यात घालायला पेट्रोल. एक भंगारवाला दोनदा येऊन तिच्याखाली वाकून गेला. त्याला तिचे अॅक्सल आणि चाकं हवी होती. उसाच्या रबरी टायरच्या बैलगाड्यांना ती छान लागतात. बाकीचा पत्रा तो छिन्नीने तोडून वजनावर घालणार. हवालदार मला हे सांगताना हसले आणि मध्येच थांबून नाक शिंकरायला बाहेर गेले.

याच सुमाराला मुंबईचे एक साहेब नगरवरून जात होते. त्यांनी मोटार पाहिली आणि आपली गाडी रस्त्यात थांबवून उतरले. जुन्या मोटारी गोळा करण्याचा त्यांना नाद. अशा मोटारींचे तिकडे मेळावे भरतात, आणि त्यात जी मोटार कारखान्यातून निघाली तशीच्या तशी आहे तिला मान, हे आम्हाला त्यांच्याकडून प्रथम कळलं. आम्ही जी जुनाट म्हणून कापून टाकली होती, नेमकी तीच गोलाई त्यांना हवी होती. शेपटांवरून त्यांनी नजर अशी फिरवली, जशी मी भोपळ्यांवरून फिरवतो. शेवटी म्हणाले, दोन महिन्यांनी येतो. मागची बाजू मूळ होती तशी झालेली असली तर मोटार माझी, मी तिला जन्मभर सांभाळीन. नाही तर मला नको.

म्हणजे मोटार एक तर सांभाळली जाणार, नाही तर उसाखाली जाणार. मधलं काही उरलं नव्हतं.

मी घरी येऊन जुन्या वह्या उपसल्या. पानंच्या पानं शेपटं. मूळ मडगार्डची एक रेघ नाही. हवालदारांकडे वरातीचे फोटो होते, पण त्या सगळ्यांत नवरदेव, फेटे, फुलं आणि मोटारीचं नाक. मोटारीचं ढुंगण कोण कशाला फोटोत घेईल? कापलेले तुकडे कधीच भंगारात गेले होते. तसली दुसरी मोटार जिल्ह्यात नव्हती. मी हवालदारांना विचारलं, गोलाई कशी होती? ते म्हणाले, गोल होती. वीस वर्षं रोज पुसलेल्या माणसाचं हे उत्तर. पण त्यांना हसायला मला तोंड नव्हतं.

मिस्त्रींच्या कानात मी सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं, करवत घेतली आणि आपल्याच हाताने ती शेपटं उतरवली. मला वाटलं होतं, निदान एखादा उसासा तरी टाकतील. आपलं उभ्या आयुष्यातलं सर्वांत नावाजलेलं काम ते कापत होते, आणि डोळे शेपटांवर नव्हतेच, खाली राहिलेल्या जुन्या कडेवर होते. शेपटं भिंतीला टेकवून ठेवली आणि नवा पत्रा हातात घेतला.

पुढचे पाच आठवडे मी जे पाहिलं ते सांगताना आजही माझा आवाज बदलतो, असं बायको म्हणते. त्यांच्यापुढे कागद नव्हता, फोटो नव्हता, माप नव्हतं. ते मोटारीच्या मागे उभे राहत, डोळे मिटत आणि रिकाम्या जागेवरून डावा हात फिरवत. जिथे काहीच नव्हतं तिथून. हात वरून खाली येई, एका ठिकाणी किंचित रेंगाळे, आणि पुढे आत वळे. मग ते वाळूच्या पिशवीकडे जात आणि चार ठोके देत. परत येत, परत हवेत हात. दर लगीनसराईला त्या गोलाईवरून फिरलेला तो हात, आणि जे माझ्या डोळ्याने एकदाही उचललं नाही ते त्या हाताने सगळं ठेवून घेतलं होतं. मला अक्षरशः धाक वाटायला लागला. शेडमध्ये शिरताना मी चपला बाहेर काढायला लागलो आणि मग कोणी बघेल म्हणून परत घालायचो.

पाचव्या आठवड्यात दोन्ही मडगार्ड जोडली गेली. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा कोवळं ऊन त्यावर पडलं होतं. उजेडाची एक सरळ रेघ डाव्या मडगार्डवरून वाहत होती आणि उजव्यावरून तशीच. फक्त उजवीकडे, वरच्या बाजूला, ती एका जागी जराशी मोडत होती. तळहाताएवढा उथळ खोलगटपणा. रेघ वाचणं हा माझा धंदा. एवढ्या दिवसांत प्रथमच मला बोलण्यासारखं काही सापडलं होतं. मी ओरडलो, "मिस्त्री, इथे पोचा राहिलाय."

त्यांनी फडकं टाकलं, हात फिरवला. "बराबर हाय," म्हणाले. "तितं हुतंच त्ये."

मी त्यांना समजावलं की कारखाना पोचा घालून मोटार विकत नाही. ते म्हणाले, कारखान्याचं मला ठावं न्हाई, मोटार आली तवापासून तितं हाय. मी हवालदारांना बोलावलं. हवालदार भडकलेच. माझ्या हातात गाडीला कधी ओरखडा आला नाही, रोज सकाळी पुसायचो, पोचा असता तर मला दिसला नसता का? मला त्या वेळी हे फार बिनतोड वाटलं. आपल्या लेकराच्या नाकाचा बाक आईला कधी दिसत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तीन दिवस हा वाद चालला. मीच चालवला. तुमच्या हट्टापायी मोटार उसाखाली जाईल, असंही मी त्यांच्या कानात ओरडलो. त्या शब्दांनी ते हलले. उठले, आतून लोखंडी ठोकळा लावला, बाहेरून दोन हलके ठोके दिले. उजेडाची रेघ सरळ झाली. पाच आठवड्यांच्या कामातलं तेवढं दोन ठोक्यांत गेलं.

हातोडी खाली ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी दोघं शिकलेली मान्सं. तुमी म्हनता तर नसंल. पन मास्तर, तितं हात खोटा आसंल, तर बाकीचं कशावरनं खरं? समदंच माज्या मनचं आसंल."

मोटारीला रंग लागला, काळा, पूर्वीसारखा, आणि ती इतकी देखणी दिसायला लागली की येणारे-जाणारे थांबत. मिस्त्री तिच्याजवळ फिरकेनात. शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी जीपचं काम घेऊन बसत. चालता चालता त्यांचा डावा हात धोतराला पुसला जाई. दुसऱ्या कामावरही आता ते हात फिरवल्यावर डोळे उघडून बघत. त्यांना असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब ठरल्या दिवशी आले. मिस्त्री बाहेर चिंचेखाली पाठ करून बसले. मी, हवालदार आणि साहेब मोटारीभोवती. साहेबांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. मोटारीच्या जुन्या नोंदणी-पुस्तकात त्या गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव होतं. साहेबांनी खटपट करून त्याचा विलायतेतला पत्ता मिळवला होता, आणि कालच उत्तर आलं होतं. उत्तरात एक फोटो. मोटार पाठमोरी उभी, फूटबोर्डवर एक कुत्रा.

साहेब फोटो धरून बराच वेळ एकदा तिकडे, एकदा इकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुठून बघून केलंत?"

साहेबांनी पुन्हा पाहिलं, अगदी खालची कड जिथे आत वळते तिथपर्यंत. सगळं जमलं होतं. मोटार मी नेतो, असं ते म्हणाले आणि हवालदार तिथेच फूटबोर्डवर बसले.

मी फोटो मागून घेतला. उन्हात धरला. मडगार्डवर उजेडाची रेघ होती, आमच्या मोटारीवर होती तिथेच, तशीच. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, ती एका जागी जराशी मोडली होती.

त्या माणसाच्या हाताने हवेतून जे उचललं होतं त्यात कारखान्याची गोलाई तर होतीच, आणि कोण जाणे कुठल्या फाटकाला लागून पडलेला तो तळहाताएवढा पोचाही होता. ते दोन्ही वेगळं करणं त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं, कारण त्याला फक्त ही मोटार ठाऊक होती. आणि मी, ज्याने ती मोटार कधी पाहिलीच नव्हती, त्यांना तीन दिवस ओरडून तेवढं खरं पुसून टाकायला लावलं होतं. साहेबांच्या ते लक्षात आलं नव्हतं. हवालदार डोळे पुसत होते. मी गप्प बसलो असतो तर जगात कोणाला कळलं नसतं.

मी चिंचेखाली गेलो. फोटो मिस्त्रींपुढे धरला आणि त्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. बहिऱ्या माणसाची माफी हळू मागायची सोय नसते. मी वाकलो आणि ओरडून सांगितलं, "मिस्त्री, पोचा होता. तुमचा हात खरा होता. चुकलो मी."

बाजारातल्या माणसांनी माना वळवल्या. समोरच्या हॉटेलात माझ्या शाळेचे दोन शिक्षक चहा पीत होते, तेही उठून बाहेर आले. मिस्त्रींनी डावा हात कानामागे लावला.

"काय?" ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने.